फेअर जर्नलच्या पलीकडे: गोव्यातल्या पदवीधराने कामासाठी तयार कसं व्हावं

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत मी ७ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. नंतर कॉलेजात शिकवायला आले आणि प्लेसमेंटचं कामही माझ्याकडे आलं. मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे. कंपनीत असताना मुलाखतीला आलेल्या एका मुलीची गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं बहुतेक सगळं मला तिच्यामुळे कळलं.

बीएस्सी केमिस्ट्री, पहिला वर्ग, तोंडी प्रश्नांची उत्तरं पटापट. आम्ही तिला प्रयोगशाळेत नेलं आणि एक पावडर वजन करून नोंद करायला सांगितली. वजन तिने अगदी अचूक घेतलं. आकडा मात्र टिश्यू पेपरच्या कोपऱ्यावर टिपला, जागेवर येऊन वहीत सुंदर अक्षरात उतरवला, आणि टिश्यूचा बोळा करून डब्यात टाकला. तिची निवड तिथेच संपली.

औषध कंपनीत पहिल्या क्षणी लिहिलेला पहिला आकडा हाच खरा दस्तऐवज. तो टिश्यूवर लिहिला असेल तर टिश्यू हाच दस्तऐवज, आणि तो फेकणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. बिचारीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. उलट ३ वर्षं तिच्याकडून हेच करून घेतलं होतं: आधी रफ, मग फेअर, मग सही. फेअर जर्नल जितकं स्वच्छ तितके गुण जास्त.

नोकरी देणारे म्हणतात, 'मुलांना काही येत नाही.' मुलं म्हणतात, 'आम्हाला सगळं येतं, तरी घेत नाहीत.' दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. कॉलेज तयार, नीटनेटकं उत्तर मागतं. कामाच्या जागी ते उत्तर कुठून आलं, कधी आलं, मध्ये काय अडलं आणि अडलं तेव्हा कोणाला सांगितलं, हे मागतात. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात, शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी ५१.२५ टक्केच नोकरीयोग्य मानले जातात, असा आकडा दिला होता. उरलेले सगळे निर्बुद्ध असतील हे मला पटत नाही. त्यातल्या पुष्कळांच्या हातात फक्त फेअर जर्नल असतं.

खालच्या पायऱ्या पदवीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला असलेल्यांसाठी आहेत. पदवी होऊन घरी बसलेल्यांनाही त्या चालतील. शेवटी कॉलेजांसाठी आणि नोकरी देणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. ते त्यांनी वाचलं नाही तर मुलांनी एकट्याने कितीही धाव घेतली तरी अर्धंच काम होईल.

पहिली पायरी: गोव्यात काम कुठे आहे ते स्वतः मोजा

घरच्यांच्या डोक्यात गोव्याचा जुना नकाशा असतो. सत्तरी, डिचोली, सांगे, केपे या बाजूला कित्येक घरांत खाण म्हणजेच नोकरी होती. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा चालू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. त्या काळात ट्रकच नव्हे, ऑफिसातली, लॅबमधली, सर्व्हेची कामंही गेली. आज पदवीधराला घेणाऱ्या जागा वेगळ्या आहेत. वेर्णा, पिळर्ण, कुंडई या पट्ट्यातली औषधं आणि इतर उत्पादनं, वास्कोची गोदी आणि मुरगाव बंदराभोवतीची कामं, किनाऱ्यावरची हॉटेलं, पणजी-मडगाव-म्हापशातली सीए ऑफिसं आणि बँका, बांधकाम व्यवसाय, छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमानं उडायला लागली, तेव्हापासून पेडण्याच्या मुलांना घराजवळ एक नवा पर्याय मिळाला आहे.

हे माझं ऐकून सोडू नका. एक वही घ्या. रविवारची वर्तमानपत्रं आणि नोकरीच्या दोन-तीन साइट्स यांतून फक्त गोव्यातल्या आणि तुमच्या पदवीला चालतील अशा २० जाहिराती उतरवून काढा. मग त्यांतल्या क्रियापदांखाली रेघ मारा. 'पदवी हवी', 'इंग्रजी चांगलं हवं' हे सोडून द्या. 'नोंद ठेवणे', 'जुळवणी करणे', 'पाठपुरावा करणे', 'अहवाल तयार करणे', 'ग्राहकाची तक्रार हाताळणे' अशी क्रियापदं किती वेळा आली ते मोजा.

माझ्या वर्गात हे दरवर्षी करून घेते. मुलांना वाटतं की सर्वांत वर एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरचं नाव येईल. वर येतात ती नोंद, जुळवणी आणि पाठपुरावा. तिन्ही शिकता येतात, आणि तिन्हींना फी लागत नाही.

दुसरी पायरी: स्वतःचा हिशेब

एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात जाहिरातीतली क्रियापदं. दुसऱ्यात ते काम तुम्ही आजवर कधी केलं आहे का, कुठे. कॉलेजच्याच कामात असावं असं नाही. गावच्या शिगम्याच्या मेळाचा खर्च लिहिला असेल, काकांच्या दुकानाचा माल मोजला असेल, चवथीच्या मंडळाची वर्गणी सांभाळली असेल, एनएसएसच्या शिबिरात ५० जणांच्या जेवणाचा हिशेब केला असेल, ते सगळं तिथे लिहा. तिसऱ्या रकान्यात त्याचा दाखवता येण्यासारखा पुरावा.

तिसरा रकाना जवळजवळ कोरा राहील. तो राहतोच. पुढचे तीन महिने तोच भरायचा आहे.

तिसरी पायरी: १२ आठवड्यांत एक काम, पूर्ण आणि तपासता येईल असं

ही पायरी सर्वांत मोठी. दहा ऑनलाइन सर्टिफिकेटं गोळा करू नका. 'स्वयम्' आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी साइट्सवर उत्तम अभ्यासक्रम मोफत आहेत, त्यातला एक जरूर करा, पण सर्टिफिकेट म्हणजे तुम्ही ऐकलंत याचा पुरावा. केलंत याचा पुरावा वेगळा लागतो. शाखेप्रमाणे सांगते.

*बीएस्सी, विशेषतः केमिस्ट्री आणि मायक्रोबायॉलॉजी.* पक्क्या बांधणीची वही घ्या, सुट्या पानांची नको. पहिल्या दिवशीच सगळ्या पानांवर क्रमांक घाला. यापुढे कॉलेजच्या प्रत्येक प्रॅक्टिकलची नोंद त्या वहीत, पेनने, काम चालू असतानाच. आकडा चुकला तर व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, पान फाडणं नाही. एक आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता येईल. शेजारी बरोबर आकडा, तुमची सही, तारीख आणि चुकण्याचं कारण दोन शब्दांत. उद्योगात याला अल्कोआ (ALCOA) म्हणतात: नोंद कोणाची ते कळायला हवं, ती वाचता यायला हवी, त्याच वेळी केलेली हवी, मूळ हवी आणि अचूक हवी. पाच अक्षरांतली ही शिस्त ज्याच्या हाताला आहे, त्याच्यावर कंपनीचा पहिल्या काही आठवड्यांचा त्रास वाचतो.

दुसरं, एचपीएलसीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची, नुसती आकृती पाठ करू नका. कॉलेजात यंत्र असेल तर शिक्षकांना विचारून समोर बसा, नसेल तर एखादा प्रत्यक्ष क्रोमॅटोग्राम, म्हणजे त्या यंत्राने काढलेला आलेख, मिळवून त्यावर बोलायला शिका. नमुना घालण्याआधी यंत्रणा योग्य आहे हे कसं तपासतात, एकच द्रावण पाच-सहा वेळा इंजेक्ट का करतात, त्या आकड्यांचं सापेक्ष प्रमाणित विचलन, म्हणजे ते सरासरीपासून किती पसरले आहेत ते, कसं काढतात. ते गणित एक्सेलमध्ये स्वतः करून ठेवा.

आणि एक प्रश्न, जो मी स्वतः कित्येकांना विचारला आहे: 'निकाल मर्यादेबाहेर आला तर काय कराल?' दहांतले नऊ जण म्हणतात, 'पुन्हा करीन.' कॉलेजात ते बरोबर असतं, कारण अपेक्षित उत्तर येईपर्यंत टायट्रेशन करायची आपल्याला सवय. औषधाच्या बाबतीत ते धोक्याचं आहे, कारण ती गोळी कोणाच्या तरी आईच्या पोटात जाणार आहे. बरोबर उत्तर असं: 'थांबेन. द्रावणं, काचसामान काही फेकणार नाही. लगेच सुपरवायझरला सांगेन. कारण शोधल्याशिवाय पुन्हा करणार नाही.' हे चार वाक्यांचं उत्तर पाठ करून भागत नाही, पुढचा उलटप्रश्न येतोच. म्हणून कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये चुकलेला एखादा निकाल निवडा आणि तो का चुकला याचा एक पानी शोध लिहा. वजनात, पातळ करण्यात, निर्देशकात, वाचनात, कुठे चूक झाली असू शकेल? ते एक पान आणि ती क्रमांकित वही, एवढं घेऊन मुलाखतीला जा.

*बीकॉम.* इथे मुलं 'टॅली येतं' असं लिहितात आणि थांबतात. टॅलीत एंट्री करणं हा भाग दोन आठवड्यांत येतो. सीए ऑफिसला हवं असतं महिन्याचं चक्र ओळखणारं माणूस. दरमहा रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, १४ तारखेला २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) तयार होतं, २० तारखेपर्यंत ३बी (कर भरण्याचं रिटर्न). त्याआधी ७ तारखेला टीडीएसचा भरणा. या तारखा डोक्यात बसल्या की ऑफिसात १० तारखेला सगळे एवढे का धावतात ते कळतं आणि त्या दिवशी रजा मागितली जात नाही.

करायचं काय? ओळखीच्या एखाद्या दुकानदाराची परवानगी घेऊन, नावं आणि नंबर बदलून, एका महिन्याची ५० खरेदी-बिलं एक्सेलमध्ये चढवा. दुसऱ्या शीटवर २बी सारखी यादी बनवा आणि तिच्यात मुद्दाम काही बिलं कमी ठेवा, काहींची रक्कम बदला. आता दोन्ही जुळवा. लुकअप, फिल्टर, पिव्होट टेबल हे तीन आले की पुरे. न जुळलेल्या प्रत्येक बिलापुढे कारण आणि पुढची कृती लिहा: पुरवठादाराने बिल दाखवलेलं नाही, त्याला फोन करायचा, जीएसटी नंबर चुकीचा पडला आहे. नंबर वाचायला शिका. १५ अंकी नंबरातले पहिले दोन अंक राज्याचे, गोव्याचे ३०, पुढची दहा अक्षरं पॅनची. ३० ऐवजी २७ दिसलं की महाराष्ट्राचा पुरवठादार, मग कर कोणता लागलाय ते बघायचं.

गोव्यात हमखास अडणारी एक गोष्ट सांगते. मुंबईच्या कंपनीचा अधिकारी कळंगुटला हॉटेलात राहिला. बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) लावायचा की सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहाराचा)? ग्राहक महाराष्ट्रातला म्हणून मुलं आयजीएसटी म्हणतात. हॉटेलात राहण्याच्या बाबतीत सेवेचं ठिकाण म्हणजे हॉटेल जिथे उभं आहे ती जागा, म्हणून गोव्याचा सीजीएसटी-एसजीएसटीच लागतो. मग मुंबईच्या कंपनीला त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही आणि त्यांचा अकाउंटंट रागाने फोन करतो. तो फोन घेऊन शांतपणे, दोन मिनिटांत हे समजावून सांगता येणं ही नोकरी आहे. घरी भावाला 'रागावलेला अकाउंटंट' करा आणि सराव करा.

*बीए.* या मुलांना सगळे आधीच निकालात काढतात, आणि ते मला फार खुपतं. इतिहास, मराठी, कोंकणी, मानसशास्त्र शिकलेल्या मुलांकडे ऐकण्याची, वाचून सार काढण्याची ताकद असते. ती बाहेर दिसत नाही एवढंच. जुन्या गोव्याची चर्चेस १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, तिथे येणाऱ्या पाहुण्याला २० मिनिटांत काय सांगाल याची संहिता मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत लिहा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. आपल्या गावच्या देवळाची, तळीची, खाजन शेतीची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या शेतीची) अशीच करा. पंचायतीची एखादी लांबलचक सूचना घेऊन ती सामान्य माणसाला समजेल अशा दहा ओळींत उतरवा. असे पाच तुकडे झाले की पर्यटन, वृत्तपत्र, भाषांतर, सामाजिक संस्था, कोणाहीपुढे ठेवता येतात.

हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला जायचं असेल तर हसतमुख असण्याबरोबर नियमही लागतात. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्मवर (जुनं नाव फॉर्म सी) कळवावी लागते, पासपोर्ट आणि व्हिसातले तपशील अक्षर न् अक्षर तपासून. खोल्यांपेक्षा बुकिंग जास्त झालं आणि रात्री ११ वाजता दाबोळी विमानतळावरून दमून आलेलं कुटुंब समोर उभं आहे, तेव्हा पहिलं वाक्य काय बोलाल? त्याचं उत्तर लिहून काढा, मग मोठ्याने म्हणून बघा. कागदावरचं आणि तोंडातलं वाक्य किती वेगळं असतं ते तेव्हा कळतं.

*संगणकवाले.* कॉलेजचा प्रोजेक्ट शून्यापासून स्वतः लिहिलेला असतो. कंपनीत पहिले सहा महिने दुसऱ्याचा जुना कोड वाचण्यात जातात. म्हणून गिटहबवरचा (जिथे लोक आपला कोड ठेवतात ती साइट) कोणाचा तरी खुला प्रकल्प घ्या, चालू करा, त्यातली एक लहान चूक शोधून दुरुस्त करा, आणि काय बदललं ते स्वच्छ लिहा. नवीन 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' बनवण्यापेक्षा याचं मोल जास्त.

एआयच्या साधनांबद्दल सगळ्यांनाच एक सांगते. वापरा, त्यांच्याकडून चुका काढून घ्या, सराव प्रश्न मागा. पण अर्जाचं पत्र त्यांच्याकडून लिहून घेऊ नका. एकाच वर्गातल्या ३० जणांची पत्रं एकाच सुरात येतात आणि वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं. आणि इंटर्नशिपमध्ये कंपनीची माहिती, ग्राहकांची नावं, आकडे अशा साधनात कधीही टाकू नका. त्यावरून नोकरी जाऊ शकते.

चौथी पायरी: भाषेचा धीर

आपल्याकडे बऱ्याच मुलांचं असं होतं: घरी कोंकणी, प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून इंग्रजी. तिन्ही येतात आणि तिन्हींत लाज वाटते. मुलाखतीत 'माझं इंग्रजी चांगलं नाही, सॉरी' असं म्हणूनच सुरुवात करतात. ते वाक्य आजपासून बंद. गोव्यात तीन भाषा बोलणारा माणूस ही कंपनीची गरज आहे. लाइनवरच्या कामगाराशी हिंदी-कोंकणी, कोल्हापूरच्या पुरवठादाराशी मराठी, मुख्यालयाशी इंग्रजी. सरकारी जाहिरातींतही कोंकणी आवश्यक आणि मराठी असल्यास उत्तम असं लिहिलेलं असतं.

सराव असा. तिसऱ्या पायरीत केलेलं काम तिन्ही भाषांत प्रत्येकी दोन मिनिटांत सांगायचं, रोज, आरशासमोर नाही तर माणसासमोर. मित्राला, आजीला. आजीला कळलं तर साहेबाला कळेल.

लिहिण्यात एकच गोष्ट पक्की करा: कामाची स्थिती पाच ओळींत कळवणं. 'काम चालू आहे सर' याला काही अर्थ नाही. असं लिहा:

'४० पैकी २८ बिलं जुळली. ९ बिलं पुरवठादाराने अजून दाखवलेली नाहीत, त्यांतल्या ६ जणांना आज फोन केला. ३ बिलांवर जीएसटी नंबर चुकीचा आहे. या तिघांचं काय करायचं ते तुम्ही सांगा. बाकी उद्या दुपारी ३ पर्यंत देते.'

झालेलं, न झालेलं, का, तुमच्याकडून काय हवं, केव्हा देणार. हे पाच मुद्दे इंग्रजीत लिहायला शब्दकोश लागत नाही. माझ्या अनुभवात साहेब लोक व्याकरणाच्या चुका विसरतात. शांत बसून राहिलेला मुलगा ते विसरत नाहीत.

पाचवी पायरी: इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप

गोवा विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांत २०२३-२४ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं. यूजीसीच्या चौकटीत २ ते ४ क्रेडिटची इंटर्नशिप आहे, एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे ६० ते १२० तास. १२० तास म्हणजे पूर्णवेळ तीन आठवडे. एवढ्यात कोणी तज्ज्ञ होत नाही, पण एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहता येतं. वशिल्याने मामाच्या ऑफिसात सही-शिक्का घेऊन येऊ नका. मी असे कागद पाहिले की वाईट वाटतं, कारण ते १२० तास परत मिळत नाहीत.

जागा मागताना 'कोणतंही काम चालेल' असं लिहू नका. दुसऱ्या पायरीतलं एक क्रियापद उचला: 'मला तुमच्या स्टोअरची स्टॉक-जुळवणी शिकायची आहे, एक्सेलमध्ये अशी जुळवणी मी करून पाहिली आहे, सोबत जोडते.' दहा जागी पाठवा. पाच दिवसांनी फोन करा. बहुतेक छोट्या कंपन्या ईमेल उघडतच नाहीत, तिथे प्रत्यक्ष जा.

आत गेल्यावर रोज संध्याकाळी अर्धं पान डायरी: आज काय पाहिलं, काय केलं, काय कळलं नाही. 'काय कळलं नाही' ही ओळ रिकामी ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रश्न विचारायचा. आणि शेवटच्या आठवड्यात वरिष्ठांना एवढंच विचारा: 'मला तुम्ही नोकरीवर घेतलं असतं तर पहिल्या महिन्यात माझ्यात काय कमी पडलं असतं?' उत्तर ऐकताना स्पष्टीकरण देऊ नका, लिहून घ्या.

पदवीनंतरची अप्रेंटिसशिप ही याहून मोठी आणि आपल्याकडे फार दुर्लक्षित वाट आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा फक्त आयटीआयवाल्यांचा, असा समज घराघरांत आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर बीए, बीकॉम, बीएस्सीसाठीही तो खुला झाला. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचा किमान स्टायपेंड महिना ९,००० रुपये ठरवला. एनएटीएस या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेतून त्यातला ठरावीक वाटा केंद्र सरकार उचलतं. त्या पोर्टलवर नोंदणी करा, आणि कंपनीत विचारताना 'एनएटीएसखाली पदवीधर अप्रेंटिस घेता का' असं नेमकं विचारा. नुसतं 'व्हेकन्सी आहे का' विचारलं तर गेटवरूनच उत्तर येतं.

९,००० मध्ये काय भागतं, हा आई-वडिलांचा प्रश्न खरा आहे. फोंड्याहून वेर्ण्याला रोज जायचं तर प्रवासातच बराच भाग जातो. म्हणून आधी कंपनीची बस कुठून सुटते ते विचारा, वेर्ण्याच्या बऱ्याच कारखान्यांच्या बसेस फोंडा, मडगाव, वास्कोहून असतात. जेवण मिळतं का विचारा. तरीही परवडत नसेल तर घराजवळच्या वसाहतीतली, बेतोडा, काकोडा, होंडा, तुये इथली छोटी कंपनी बघा. तिथे एकाच माणसाला खरेदी, स्टोअर, डिस्पॅच सगळं बघायला मिळतं, आणि शिकण्याच्या दृष्टीने ते कमी नाही.

सहावी पायरी: मुलाखतीच्या दिवशी

बायोडेटा एक पान. 'आव्हानात्मक वातावरणात प्रगती साधायची आहे' ही वरची ओळ काढा, तिथे केलेलं काम आकड्यासह लिहा. पुरावा छापून न्या.

शिफ्टबद्दल घरी आधीच बोलून या. मुलाखत छान होते, निवड होते, आणि दोन दिवसांनी फोन येतो, 'घरचे नको म्हणतात.' असं पाच वेळा झालं की कंपनी गोव्यातल्या मुलांना बोलावणंच कमी करते, आणि तोटा पुढच्या वर्षीच्या मुलीला होतो. रात्रपाळी जमणार नसेल तर मुलाखतीतच स्पष्ट सांगा. पुष्कळ जागी दिवसाचं काम असतं.

सरकारी नोकरीची वाट बघणाऱ्यांना मी नाउमेद करणार नाही. कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा द्या, रोजगार विनिमय केंद्रात नाव घाला. पण वाट बघतानाची दोन वर्षं बायोडेटावर कोरी ठेवू नका. कोऱ्या दोन वर्षांचं स्पष्टीकरण देणं पहिल्या वर्गाच्या मुलालाही जड जातं.

कॉलेजांनी आणि नोकरी देणाऱ्यांनी

आम्हा शिक्षकांना आधी सांगते. सामंजस्य करार होतो, फोटो निघतो, फाइल नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) तयार होते आणि कंपनीचं माणूस परत दिसत नाही. करार नसला तरी चालेल, पण सत्रातून दोनदा उद्योगातला कोणीतरी प्रॅक्टिकलच्या वेळी वर्गात उभा असू दे. भाषण नको, त्याने मुलांच्या वह्या तपासाव्यात. यूजीसीने २०२२ पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय केली आहे, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशी माणसं घेता येतात, पीएचडीची अट नाही. वेर्ण्यातून निवृत्त झालेले कितीतरी अनुभवी लोक मडगाव-फोंड्यात घरी आहेत आणि त्यांना शिकवायची हौस आहे. त्यांना विचारा तरी.

आणि फेअर जर्नल बंद करा. नियम बदलायची वाट न बघता आम्ही एका प्रयोगशाळेत सुरुवात केली: एकच वही, क्रमांकित पानं, खोडलेल्या आकड्याला सही नसेल तर गुण कमी, सही आणि कारण असेल तर पूर्ण गुण. पहिल्या महिन्यात मुली रडकुंडीला आल्या, वही घाण दिसते म्हणून. तिसऱ्या महिन्यात त्याच एकमेकींच्या वह्या तपासून 'इथे तारीख राहिली गे' म्हणायला लागल्या.

नोकरी देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती अशी. 'फ्रेशर चालेल, दोन वर्षांचा अनुभव हवा' अशी जाहिरात देऊ नका. पहिल्या ३० दिवसांत त्या मुलाने कोणती तीन कामं एकट्याने करायला हवीत ते लिहा, आणि त्यासाठी एक माणूस नेमा, ज्याला प्रश्न विचारले तर तो रागावणार नाही. इंटर्नला झेरॉक्स आणि चहा यांवर तीन आठवडे काढायला लावू नका. एक लहान, खरं, जोखीम नसलेलं काम द्या: जुन्या नोंदींची जुळवणी, तक्रारींचं वर्गीकरण.

नकार देता तेव्हा कारण कळवा. मुलाला कळवणं शक्य नसेल तर कॉलेजला कळवा. नाव नको, चार ओळी पुरे: 'आलेल्या १२ पैकी ८ जणांना प्रमाणित विचलनाचा अर्थ सांगता आला नाही. सूत्र सगळ्यांना येत होतं.' मी ओळखीच्या कंपन्यांना दरवर्षी एप्रिलमध्ये असा कागद मागते. बहुतेकांकडून येत नाही. गेल्या वेळी तीन आले. त्यातला पहिला आम्ही तिसऱ्या सत्राच्या प्रयोगशाळेत वजनकाट्याच्या वर लावला आहे, आणि त्यातली पाचपैकी दोन वाक्यं आता खोडली आहेत. एक आडवी रेघ, सही, तारीख, आणि शेजारी कारण: 'आता येतं.'